पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील निराश्रित



छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील गुलमंडी हे जुन्या बाजारपेठेचे ठिकाण आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खेड्यांतील मंडळी लग्नाचे कापड घेण्यास येथे येतात, आणि पैठण गेटाकडून सिटी चौकाकडे जाणारा मनुष्य याच चौकातून जातो. या शहराचा पाया इ. स. १६१० मध्ये मलिक अंबर याने घातला, व त्यास खडकी असे नाव होते. हा मलिक अंबर हबसाणात जन्मलेला, बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला आणि आपल्या मुलखापासून कायमचा तुटलेला मनुष्य होता. म्हणजे हे शहर मुळातच एका परक्याने वसविलेले आहे. असे असूनही परक्या मनुष्यास येथे ठाव मिळणे आज सोपे नाही. याचा अनुभव आम्हांस ज्या प्रसंगी आला, तो सांगताना आम्हांस आमचीच लाज वाटते.

एका उन्हाळ्यात, सायंकाळच्या वेळी, गुलमंडीतील एका बंद दुकानाच्या पायरीवर एक कुटुंब बसलेले आम्ही पाहिले. नवरा, बायको, म्हातारी आई आणि तीन लेकरे. गावाकडची विहीर आटली, मजुरी संपली, म्हणून ती माणसे शहरात आली होती. आमच्या हातातील पुस्तक पाहून म्हातारीने आपण मंडळीतली असल्याचे सांगितले. तेव्हा आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा की, आपल्या मंडळीच्या पाळकांचे पत्र आणले आहे काय? पत्र नव्हते. मग आम्ही त्यांच्या गावाची, नात्यागोत्याची चौकशी करू लागलो. इतक्यात शेजारच्या हातगाडीवरील बाईने काही एक न विचारता लेकरांच्या हाती पाव ठेवले. आमच्या चौकशीआधी तिचे पाव पोहोचले होते. पुढे त्या कुटुंबाची सोय झाली. परंतु घरी आल्यावर आम्हांस पंडिता रमाबाई यांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवला, आणि ते चरित्र आम्ही पुन्हा मुळापासून वाचले. तेच आज आपणांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असे लोकमत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या दिली, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ती रमाबाईंना दिली. गंगामूळ हे यात्रेचे ठिकाण असल्यामुळे शास्त्रीबोवांच्या घरी अतिथींची रीघ लागलेली असे. त्या अन्नदानात व कर्जात सर्व मिळकत संपली, आणि रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता कुटुंबाने घर सोडले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून एका गड्याच्या डोक्यावरून डोंगराखाली नेण्यात आले. ज्या बाईने पुढे हजारो जणींना घर दिले, तिला स्वतःला बाळपणी घर म्हणून नव्हतेच. क्षेत्रामागून क्षेत्र हिंडावे, पुराण सांगावे, आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा तो संसार होता.

मग १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचा पैसा, भांडीकुंडी, कपडे, सर्व विकले गेले. या कुटुंबास विद्या होती, पण हातचा धंदा कोणासही येत नव्हता; आणि मजुरी करणे किंवा भीक मागणे हे दोन्ही त्यांच्या मानास पटत नव्हते. कित्येक दिवस त्यांनी पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर काढले. प्रथम वडील वारले. त्यांचा देह उचलण्यास कोणी येईना, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास याने तो धोतरात गुंडाळून दूर वाहून नेला व पुरला. काही आठवड्यांतच आई आजारी पडली. तिने खावयास मागितले. घरात काहीच नव्हते. म्हणून रमाबाई शेजारच्या एका बाईच्या दारी गेल्या. परंतु मागण्यासाठी तोंड उघडेना, डोळे मात्र भरून आले. त्या बाईने मुलीचे तोंड पाहूनच काय ते ओळखले आणि न मागता बाजरीची भाकर तिच्या हाती दिली. भाकर घेऊन मुलगी धावत घरी आली. पण तापामुळे आईस ती खाता आली नाही, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. स्मशान दूर होते. खांदा देण्यास मोठ्या मिनतवारीने दोघे मिळाले. तिसरा भाऊ, आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी असल्यामुळे त्यांनी तिरडीचा आपला भाग डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही पटकीने वारली.

वाचकहो, ती शेजारीण कोण होती, तिचे नाव काय, हे कोणास ठाऊक नाही. आई वाचली नाही, म्हणून तिची भाकर वाया गेली असेही आम्ही म्हणणार नाही. न मागता दिलेली ती भाकर रमाबाईंनी जन्मभर लक्षात ठेविली, आणि तिचे चरित्रात काय फळ झाले ते आपण पुढे पाहू.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत उत्तरेस गेली. पंजाबात झेलमच्या काठी कडक थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, त्यांत निजून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. रानातील बोरे साल व आठोळीसकट गिळून भूक भागविली. अशा स्थितीत १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या अनोळखी महाराष्ट्रीय मुलीचे संस्कृत ज्ञान पारखून पाहिले व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. परक्या शहराने एका निर्वासित मुलीस असा मान दिला, ही गोष्ट आपण विसरू नये. मनुष्य फाटक्या वस्त्रांनी शहरात शिरतो तेव्हा त्याच्यापाशी काय गुण आहे हे पाहणारा कोणी भेटला, तर त्याचे सर्व आयुष्य पालटते.

१८८० मध्ये श्रीनिवास डाक्क्यास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. दुसऱ्या वर्षी मनोरमा ही कन्या झाली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच रमाबाई विधवा झाल्या. त्या पुण्यास आल्या व तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहून, पतित स्त्रियांची त्या भगिनी कशी सेवा करितात हे पाहून, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत तीन वर्षे राहून त्यांनी हिंदी विधवांची दैन्यावस्था लोकांपुढे मांडली. आणि बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले.

पुण्यात १८९३ साली मोठा वाद माजला. मुलींना ख्रिस्ती करण्यात येत आहे असा आक्षेप घेऊन सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी अंग काढून घेतले, आणि पालकांनी पुष्कळ मुली परत नेल्या. आम्ही ख्रिस्ती पाळक आहो. तरी या वादात एका बाजूस सर्व दोष व दुसऱ्या बाजूस सर्व गुण, असे लिहिणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. उपाशी व निराधार मनुष्यापुढे धर्म मांडणे ही फार नाजूक गोष्ट आहे. रमाबाई आपला विश्वास लपवीत नसत, आणि तो लपवावा असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु भाकरीची किंमत म्हणून कोणाचे मन घेऊ नये, ही सीमा प्रत्येक मंडळीने स्वतःशी आखून ठेविली पाहिजे. जी शेजारीण भाकर देऊन गप्प राहिली, तिने ही सीमा बरोबर ओळखली होती.

आता आम्ही मुख्य विषयाकडे येतो. १८९६ साली पाऊस गेला, आणि मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना आपल्या आईबापांचे मरण आठवले. सदनाजवळ पैसा बेताचाच होता. अमेरिकेच्या मदतीची मुदतही संपत आली होती. तरी त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर व अन्नछत्रांच्या आवारांत त्यांनी काय पाहिले? हाडांचे सापळे झालेली लेकरे. आणि त्याहून भयंकर म्हणजे, तरुण मुलींना फसवून नेण्यासाठी टपून बसलेली दुष्ट माणसे. दुष्काळात भुकेने जितकी माणसे मरतात, तितकीच भुकेचा फायदा घेणारांच्या हाती नासतात, हे त्यांनी जाणले. म्हणून केवळ धान्य वाटून न थांबता त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणिल्या.

आणिल्या खऱ्या, पण ठेवावयाच्या कोठे? त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला होता. साथीच्या कडक निर्बंधांमुळे सदनात नव्या मुलींची भर घालणे अशक्य झाले. आपल्या पोटच्या लोकांनाच भीत असलेल्या शहराने शेकडो रोगट परक्या मुलींना दार उघडावे, हे कठीणच होते. तेव्हा पुण्याहून सोलापूरच्या आगगाडीच्या रस्त्यावर, केडगाव येथे, रमाबाईंनी थोड्याच दिवसांपूर्वी घेतलेली सुमारे १०० एकर जमीन उपयोगी पडली. सदनास पुढे उत्पन्न व्हावे म्हणून तेथे फळझाडे लाविली होती. त्या उघड्या रानात तंबू ठोकून व छपरे घालून या मुली राहू लागल्या. अशा रीतीने मुक्ती या संस्थेचा प्रारंभ झाला, आणि १८९८ मध्ये तिचे रीतसर समर्पण झाले. शहराने नाकारले तेथून एक नवे गाव उत्पन्न झाले.

या प्लेगाच्या दिवसांतच रमाबाईंनी आणखी एक धैर्याचे काम केले. पुण्यातील प्लेगाच्या इस्पितळात व छावणीत स्त्रियांचे रक्षण नीट होत नाही, आपल्या एका मुलीची तेथे हेळसांड झाली, असे त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात उघड लिहिले. त्याची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. मुंबईच्या गव्हर्नरांनी तो आरोप नाकारला. परंतु बाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. निराश्रितांना अन्नवस्त्र देणे सोपे, पण त्यांच्या बाजूने सरकारदरबारी शब्द टाकणे अवघड. रमाबाईंनी दोन्ही केले.

केडगावात आलेल्या मुलींची स्थिती कशी होती, हे ऐकून कोणी त्यांना सात्त्विक व कृतज्ञ मानू नये. कित्येकींच्या अंगावर जखमा व खरूज होती. कित्येकी अन्न चोरून लपवून ठेवीत, कारण उद्या मिळेल असा भरवसाच त्यांच्या मनात उरला नव्हता. ख्रिस्ती लोक मुलींना उलटे टांगून त्यांचे तेल काढतात, अशी अफवा कोणी उठविली होती. त्या भीतीने काही जणी पळून जाऊ पाहत. अशा मुलींना सांभाळण्यास पुण्याच्या सदनातील थोरल्या मुली पुढे झाल्या. ज्या काल स्वतः आश्रयास आल्या होत्या, त्यांनी आज नव्यांना न्हाऊ घातले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना अक्षरे शिकविली. लहान लहान गट करून प्रत्येक गटास एक आई द्यावी, अशी रमाबाईंची रीत होती. शेकडोंच्या गर्दीत कोणतीही मुलगी बिननावाची राहू नये, हा त्यातील हेतू.

१८९९-१९०० साली त्याहून मोठा दुष्काळ आला. गुजराथ, राजपुताना, आणि आमचा मराठवाडाही त्यात होरपळला. या वेळी रमाबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियाच गुजराथेत जाऊन मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत राहणारांची संख्या १९०० च्या घरात गेली. इतक्या तोंडांना अन्न घालण्यासाठी विहिरी खणल्या, शेती वाढविली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, छापखाना, असे नाना धंदे मुलींना शिकविले. आंधळ्यांना बोटांनी वाचावयास शिकविण्याची सोय मनोरमाबाईंनी केली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निराळे होते. विद्या होती पण हातात धंदा नव्हता, म्हणून आपले मायबाप उपाशी मेले, हे ज्या मुलीने पाहिले, तिनेच आपल्या प्रत्येक मुलीस एक ना एक हातचे काम आलेच पाहिजे असा नियम केला. यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

शेवटली पुष्कळ वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात घालविली. इब्री व ग्रीक भाषा त्या स्वतः शिकल्या, आणि खेड्यातील अल्पशिक्षित बाईस कळेल अशी सोपी भाषा त्यांनी योजिली. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच ते खिळे जुळविले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. हा घाव सोसूनही आईने काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

आता, वाचकहो, या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील किती कुटुंबांनी गाव सोडले, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. आजही दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जाणारी, किंवा बाजेसह शहराची वाट धरणारी घरे आपल्या मंडळ्यांत आहेत. म्हणून चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट गावच्या मंडळीने करावी. कोणी कुटुंब निघाले की पाळकांनी अगर वडिलांनी दोन ओळींचे पत्र द्यावे, आणि शहरातील पाळकांस आधी कळवावे. म्हणजे त्यांना पायरीवर बसावे लागणार नाही. शिधापत्रिका, आधारपत्र, मुलांचे शाळेचे दाखले एका पिशवीत बांधून देण्याची आठवण करावी. आधार जोडलेली शिधापत्रिका असल्यास तिच्यावरील धान्य दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातही मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट शहरच्या मंडळीने करावी. आधी जेवण, मग चौकशी. आलेल्या कुटुंबास पहिल्या महिन्यापुरते एक घर नेमून द्यावे. त्या घराने त्यांना दवाखाना, बाजार, कामाचा नाका दाखवावा, आणि खोलीच्या मालकापाशी त्यांच्यासाठी शब्द टाकावा. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच होत नाही. मुक्तीत प्रत्येक गटास एक आई होती, हे ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट लेकरांची. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळेने नाकारता येत नाही. आईबाप हे सांगण्यास बिचकतात; तेव्हा मंडळीतील कोणी शिकलेल्याने त्यांच्याबरोबर शाळेत जावे. तरुण मुली परक्या शहरात एकट्या कोणाच्या सांगण्यावरून कामास जाऊ नयेत, याकडे बायकांनी लक्ष द्यावे. दुष्काळी छावण्यांत रमाबाईंनी जे पाहिले, ते आजही घडू शकते.

चौथी गोष्ट अशी की, आलेल्या मनुष्यास सदा घेणाराच करून ठेवू नये. त्यास काय येते हे विचारावे, आणि थोडा स्थिरावला की त्याच्याच हाती पुढल्या कुटुंबाची काळजी द्यावी. वाट चुकलेल्यास वाट दाखविण्यास कालचा वाट चुकलेलाच सर्वांत योग्य.

आपला प्रभू तान्हा असता त्यालाही आईबापांनी रातोरात परक्या देशी नेले होते. मिसर देशात त्या कुटुंबास कोणी जागा दिली, कोणी पाणी दिले, हे शास्त्रात लिहिलेले नाही. त्या शेजारणीचेही नाव कोठे लिहिलेले नाही. गुलमंडीतील त्या हातगाडीवाल्या बाईचे नाव आम्ही त्या सायंकाळी विचारले नाही. पुन्हा त्या पायरीवर कोणी बसलेले दिसले, तर आमच्या तोंडून पत्राचा प्रश्न आधी निघू नये, अशी आमची देवबापाजवळ प्रार्थना आहे. आणि आपणही आपल्या मंडळीत तीच प्रार्थना करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.